पाहणे आणि जागे राहणे

आगमनकाळाचा पहिला रविवार



आज आपण आगमनकाळात प्रवेश करीत आहोत. वेदीवर जांभळे वस्त्र आले आहे, हिरव्या चक्रातली पहिली मेणबत्ती पेटली आहे आणि घराघरांत गोठ्यासाठी लागणाऱ्या गवताची चौकशी सुरू झाली आहे. आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा आपल्याला एक डोंगर दाखवतो. इतर सर्व डोंगरांहून उंच असा हा परमेश्वराचा डोंगर. साऱ्या राष्ट्रांचे लोक त्याच्याकडे ओढले जातात, त्याची वाट चढू लागतात आणि चढता चढता त्यांच्या हातातली शस्त्रे शेतीची अवजारे होऊन जातात. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र प्रभू येशू डोंगराचे नाव घेत नाहीत. ते नोहाच्या पुराची आठवण देतात, रात्री येणाऱ्या चोराची गोष्ट सांगतात आणि जागे राहायला सांगतात. एकीकडे दूरवर दिसणारा डोंगर आणि दुसरीकडे आपल्याच घरात जागे राहण्याची आज्ञा, ही दोन वाचने ख्रिस्तसभेने एकाच रविवारी शेजारी शेजारी का ठेवली असतील, याचा आज आपण थोडा विचार करू या.

दूरचा डोंगर पाहणे हल्ली फार सोपे झाले आहे. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटली या देशांतल्या आल्प्स पर्वतात बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेली शेकडो गावे आहेत. जवळजवळ प्रत्येक गावाने आपल्या शिखरांवर, पाळणा-गाड्यांच्या ठाण्यांवर आणि गावच्या चौकात कॅमेरे बसवले आहेत. काही कॅमेरे सतत चालू असतात, काही दर थोड्या मिनिटांनी नवे चित्र पाठवतात. मूळ उद्देश साधा आहे. स्कीइंगला निघालेल्या माणसाला बर्फ किती पडले, वारा किती आहे, धुके उतरले आहे का, हे घरबसल्या कळावे. पण त्या खेळाशी काहीही संबंध नसलेले लाखो लोक ही चित्रे पाहत असतात. आपल्याकडेही पाहतात. कोणाचा मुलगा युरोपात नोकरीला गेलेला असतो, कोणाची मुलगी तिकडे परिचारिका असते, आणि डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसलेले आईवडील मोबाइलवर त्या देशाचा डोंगर उघडून पाहतात. मूल दिसत नाही, पण त्याच्यावरचे आकाश दिसते. हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात, कल्याणहून सुटलेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि तिकडे रात्रीचे अडीच. चित्रात काळोख आणि दोन-तीन पिवळे दिवे, एवढेच. तरीही माणसे ते पाहत बसतात.

यात काही वावगे आहे असे आम्हाला वाटत नाही. मुंबईकरांना तर आल्प्सची ओळख हिंदी चित्रपटांनी कधीच करून दिली आहे. सुंदर गोष्टीकडे पाहून मन निवते, आणि ज्याने डोंगर घडवले त्याच्याकडे ते कधी कधी वळतेही. शिवाय ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी दुरून पाहणे ही मोठी देणगी आहे. असिसीची संत क्लारा आयुष्याच्या शेवटी अंथरुणाला खिळलेली असताना नाताळच्या रात्री मंदिरातली उपासना तिला आपल्या खोलीत दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. २०२० सालच्या मार्चपासून त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आपल्या राज्यातल्या प्रार्थनास्थळांची दारे बंद होती, तेव्हा आपण सर्वांनी छोट्याशा पडद्यावरच मिस्सा पाहिली. त्याच वर्षी २७ मार्चच्या संध्याकाळी पावसाने भिजलेल्या, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस एकटेच चालत गेले, तेही आपण पडद्यावरच पाहिले. पाहता पाहता कित्येकांनी आपापल्या घरात गुडघे टेकले. त्या पाहण्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण पाहण्याचे प्रकार असतात. गंमत म्हणून सांगतो. अशा थेट कॅमेऱ्यांमधला जगातला पहिला कॅमेरा कशासाठी बसवला होता, ठाऊक आहे? कॉफीच्या भांड्यासाठी. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या संशोधकांना जिने चढून गेल्यावर भांडे रिकामे आढळायचे. म्हणून त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि आपल्या जागेवरून चित्र पाहण्याची सोय केली. पुढे १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले आणि जगभरची माणसे एका खोलीतले कॉफीचे भांडे भरले की नाही ते पाहू लागली! २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. आपले काम आहे का, आपला फायदा आहे का, आपल्याला बरे वाटते का, एवढ्यापुरते पाहायचे, हा पाहण्याचा एक प्रकार झाला. संत आगुस्तीनने आपल्या आत्मनिवेदनात डोळ्यांच्या या हावेविषयी सविस्तर लिहिले आहे. लोक उंच पर्वत पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे मात्र पाहत नाहीत, ही त्याची खंत. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ साली फ्रान्समधला व्हाँतू नावाचा डोंगर चढून गेला. माथ्यावर त्याने खिशातले हे पुस्तक सहज उघडले, तर नेमके तेच पान समोर आले. उतरताना तो वाटभर गप्प होता, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

आता नोहाकडे येऊ. आजच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. नोहाच्या काळच्या लोकांवर प्रभू येशू या ठिकाणी कोणत्याही भयंकर पापाचा आरोप करीत नाहीत. ते लोक खात होते, पीत होते, लग्ने लावून देत होते. हे तर आपण सारेच करतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जरा जास्तच करतो. मग त्यांचे चुकले कुठे? त्यांना कळले नाही, एवढेच प्रभू म्हणतात. पण त्यांना दिसत नव्हते असे कसे म्हणावे? कोरड्या जमिनीवर एक माणूस भलेमोठे तारू बांधतो आहे, ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. पंचक्रोशीतली माणसे येऊन पाहून गेली असतील. आजच्यासारखे मोबाइल असते तर त्यांनी तारवाबरोबर फोटोही काढले असते. सर्वांनी पाहिले, पण ते पाहणे कोणाच्या पायापर्यंत उतरले नाही.

दिसणे आणि जागे असणे यांतला हा फरक अलीकडे साऱ्या जगाने एका डोंगरी गावात पाहिला. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात लोत्शेनटाल नावाचे खोरे आहे. कॅथलिक लोकवस्तीचे खोरे, लाकडी घरे, वर बर्फाची शिखरे. विलर गावावरून पाळणा-गाडी लाउखरनाल्पच्या स्कीइंगच्या उतारांवर जाते. त्याच्याही पुढे, खोऱ्याच्या आतल्या बाजूला ब्लाटेन नावाचे सुमारे तीनशे वस्तीचे गाव होते. 'होते' असेच म्हणावे लागते. गावाच्या वर बिर्ख नावाची हिमनदी होती आणि तिच्याही वर क्लाइनेस नेस्टहॉर्न हे शिखर. २०२५ च्या मे महिन्यात या शिखराचे कडे सुटू लागले. सुटलेले खडक हिमनदीवर पडत होते आणि त्या ओझ्याखाली हिमनदी खाली सरकू लागली होती.

त्या डोंगरावर अनेक वर्षांपासून लक्ष ठेवले जात होते. कॅमेरे होते, हालचाल मोजणारी यंत्रे होती, आणि रोज सकाळी उठून त्याच कड्याकडे पाहणारी, त्याचा स्वभाव ओळखणारी माणसेही होती. १९ मे रोजी गाव रिकामे करण्याचा निर्णय झाला. आभाळ कोसळल्यासारखे काही दिसत नव्हते. घरे उभी होती, बागांत फुले होती, चुली चालू होत्या. पण माणसे निघाली. गुरे नेली, मेंढ्या नेल्या. एका दुखावलेल्या गाईला तर हेलिकॉप्टरला टांगून खाली उतरवले. आपल्याकडे हे वाचून काही जण हसले असतील. आम्हाला मात्र तारवाची आठवण झाली. त्यानंतर नऊ दिवस गावात कोणी नव्हते. ज्यांनी घरे सोडली होती ते शेजारच्या गावांतून, नातलगांच्या घरांतून, पडद्यावर आपलाच रिकामा रस्ता पाहत होते. २८ मेच्या दुपारी हिमनदी तुटली. बर्फ, चिखल आणि खडक यांचा लोंढा काही क्षणांत खाली आला आणि गावाचा सुमारे ९० टक्के भाग त्याखाली गेला. लोन्झा नदी अडली, तिचे तळे झाले, आणि जी घरे लोंढ्यातून वाचली होती त्यांतली बरीच पाण्यात बुडाली. एक ६४ वर्षांचे गृहस्थ त्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडले. बाकीचे गाव, म्हणजे गावातली माणसे, वाचली. गाव हरवले पण काळीज हरवलेले नाही, अशा आशयाचे उद्गार तिथल्या सरपंचांनी त्या दिवशी काढले.

तो लोंढा खाली येताना कॅमेऱ्यांनी टिपला. ते चित्र साऱ्या जगात फिरले, आपल्याही मोबाइलवर आले. पण थोडा विचार करा. त्या दिवशी पाहणारे कोट्यवधी होते, आणि त्या पाहण्याने एकही जीव वाचला नाही. जीव वाचवले ते नऊ दिवस आधी, कोणाचेही लक्ष नसताना कड्याकडे पाहणाऱ्या मूठभर माणसांनी. त्यांच्याकडे तेच डोळे होते, बहुधा तशीच यंत्रे होती. फरक असा की ते कोणासाठी तरी पाहत होते.

आल्प्समध्ये अशा पाहण्याची परंपरा जुनी आहे. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर समुद्रसपाटीपासून २४६९ मीटर उंचीवर एक खिंड आहे. रोमला जाणारे यात्रेकरू, व्यापारी, सैनिक याच वाटेने जात आणि हिमवादळात अनेक जण वाटेतच राहत. अकराव्या शतकाच्या मध्याला आओस्ताच्या संत बर्नार्डने तिथे एक धर्मशाळा उभारली. तिथले आगुस्तीनी परंपरेचे धर्मगुरू जवळजवळ हजार वर्षे ती चालवत आले आहेत. धुके उतरले की घंटा वाजवायची, वादळ शमले की काठी घेऊन वाट पाहायला बाहेर पडायचे, कोणी बर्फात रुतलेला आढळला तर आत आणून शेकोटीपाशी बसवायचे. जगप्रसिद्ध सेंट बर्नार्ड कुत्री याच धर्मशाळेतली. त्यांतल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने १८०० नंतरच्या काही वर्षांत चाळीसहून अधिक माणसांना वाचवले असे सांगतात. आलेला माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या पंथाचा, हे त्या कुत्र्यालाही कळत नव्हते आणि धर्मगुरूंनीही विचारले नाही. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्डला आल्प्सच्या रहिवाशांचा आणि गिर्यारोहकांचा आश्रयदाता घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते, आणि १९३१ मध्ये रेडिओवरून जगाशी बोलणारे पहिले पोपही तेच. डोंगर पायांनी चढलेला माणूस दूरवर पोहोचणाऱ्या यंत्राचे मोल जाणत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या धर्मशाळेची एक गोष्ट विसरू नका. तिथे खिडकी होती तसे दारही होते. नुसती खिडकी असती तर धर्मगुरूंनी वादळात मरणारी माणसे पाहिली असती, त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली असती.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, पाऊस पडतो. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले. १५१ माणसे मरण पावली. हे बाहेरच्या जगाला कसे कळले? नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, म्हणून. तोवर कोणीही त्या डोंगराकडे पाहत नव्हते. एका नेमाने येणाऱ्या माणसाचे डोळे तेवढे होते.

इरशाळवाडी तर आपल्याला आणखी जवळची. कर्जत-पनवेल रेल्वेमार्गावरून इरशाळगडाचा सुळका दिसतो. डोंबिवली, कल्याण, ठाणे इथली ट्रेकिंग करणारी तरुण मंडळी वर्षानुवर्षे त्या गडावर जात आली. आपल्या युवकांपैकीही अनेक जण गेले असतील. वरचे नेढे पाहायचे, आणि जाता-येता वाडीत पाणी प्यायचे, कोणाच्या ओटीवर टेकायचे. त्या वाडीचे किती फोटो निघाले असतील याची गणती नाही. हिरवागार उतार, मध्ये कौलारू घरे, मागे ढगांत शिरलेला सुळका. आल्प्समधल्या कोणत्याही गावाच्या चित्राशेजारी ठेवावे असे ते चित्र होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री, दिवसेंदिवस पडणाऱ्या मुसळधार पावसानंतर, तो उतार वाडीवर आला. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना पावसात, काळोखात, चिखलातून पायी चढावे लागले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे नंतर विधानसभेत सांगण्यात आले. फोटोंत होती, यादीत नव्हती.

त्या रात्री वाडीच्या शाळेत काही मुले मोबाइलवर खेळत जागी बसली होती. आवाज ऐकून ती बाहेर पडली आणि खाली खबर पोहोचली ती त्यांच्यामुळे, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. मोबाइलवर जागणाऱ्या मुलांना आपण सारे रागावतो. आम्हीही रागावतो आणि पुढेही रागावू. पण देव कोणाच्या जागेपणाचा कसा उपयोग करून घेईल, हे ठरवणारे आपण कोण?

आणि घराजवळच पाहायचे तर इरशाळपर्यंतही जायला नको. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरात डोंगरावरची दरड एका घरावर आली आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. मुंब्र्याच्या डोंगराच्या कुशीत, कळव्याला, कल्याण पूर्वेला कचोरे-नेतिवलीच्या टेकडीवर हजारो घरे आहेत. त्यांतून आपल्या सोसायट्यांत भांडी घासायला येणाऱ्या बाया येतात, रिक्षा चालवणारे येतात, आणि त्यांतली काही कुटुंबे दर रविवारी आपल्याबरोबर मिस्सेला गुडघे टेकतात. दर वर्षी पावसाळ्याआधी पालिकेची नोटीस भिंतीवर लागते. घर धोक्यात आहे, खाली करा. आणि दर वर्षी बहुतेक जण तिथेच राहतात.

ही माणसे हट्टी आहेत, अडाणी आहेत, असे बोलले जाते. आम्हाला हे मान्य नाही. ब्लाटेनच्या माणसांना निघा म्हटले तेव्हा जायला जागा होती. शेजारच्या गावांनी दारे उघडली होती, घरांचे विमे होते, सरकार मागे उभे होते. टेकडीवरच्या बाईने नोटीस वाचून रात्री दोन मुले आणि म्हातारी सासू घेऊन कुठे जायचे? स्टेशनवर? दार उघडे टाकून गेली तर उद्या घरातली शेगडी जागेवर असेल का? परवा कोणी म्हणाले की झोपडी रिकामी होती, तर तिचा हक्क राहील का? तिला धोका दिसत नाही असे नाही. तुमच्या-आमच्यापेक्षा तिला तो जास्त दिसतो, कारण पाऊस वाढला की तिच्या घराच्या मागच्या भिंतीतून पाणी मातीचा रंग घेऊन येते. ती जागीच असते. रात्रभर जागी असते. तिच्या जागेपणाला दार नाही.

नोहाची गोष्ट इथे पुन्हा वाचावी लागते. नोहा जागा होता याचा पुरावा काय? त्याने ढग ओळखले हा? शास्त्रात तसे कुठेच लिहिलेले नाही. त्याने जागा तयार केली, हा त्याच्या जागेपणाचा पुरावा. लांबी, रुंदी, उंची मोजून, कप्पे पाडून, आत डांबर लावून, ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी पूर येण्याच्या कितीतरी आधी त्याने जागा केली. बेथलेहेमात गव्हाणीपाशी आपण येतो तेव्हाही हाच प्रश्न आपल्यासमोर असतो. त्या रात्री त्या गावात झोपलेले सगळेच काही दुष्ट नव्हते. जागा नव्हती, एवढेच.

चोराच्या दृष्टांताविषयी एक शब्द. आता आपल्या प्रत्येक सोसायटीत कॅमेरे आहेत. फाटकावर एक, जिन्यात एक, वाहनतळात दोन. चोरी झाली की सेक्रेटरी रात्री दोन वाजताचे चित्र काढून दाखवतात. टोपी घातलेला, पाठमोरा कोणीतरी. कॅमेरा रात्रभर उघडा होता, पण तो जागा नव्हता. त्याला चोर आणि दूधवाला सारखेच दिसतात. हा दोष यंत्राचा नाही. पाहिलेल्या गोष्टीची काळजी वाटण्याचे काम यंत्राला कोणी दिलेलेच नाही, ते काम माणसाचे आहे. परमेश्वर इस्राएलचा राखणदार आहे, तो डुलकी घेत नाही, असे स्तोत्रकर्ता सांगतो, तेव्हा देव आकाशातून चित्र पाहत बसला आहे असा त्याचा अर्थ नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सर्वज्ञ या शब्दावर पुष्कळ काथ्याकूट करीत असू. शास्त्रात मात्र देवाच्या पाहण्यामागून दर वेळी एक क्रियापद येते. मिसर देशात त्याने आपल्या लोकांचे हाल पाहिले आणि तो उतरला. नाताळात आपण ज्याचा सण साजरा करतो ते हेच उतरणे आहे. दुरून सर्व दिसत असतानाही त्याला दुरून पाहणे पुरेसे वाटले नाही.

पुढचा पावसाळा यायला अजून सहा महिने आहेत. आज ऊन आहे, टेकडी कोरडी आहे, आणि तारवाची गोष्ट काढायला हीच योग्य वेळ आहे, कारण पाणी आल्यावर तारू बांधता येत नाही. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत याविषयी बोलणे झाले आहे. येत्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, जोराच्या पावसाच्या रात्री चर्चचा हॉल उघडा राहील. लग्नाची किंवा वाढदिवसाची नोंदणी घेताना कार्यालयात हे आधीच सांगितले जाईल. त्यावरून कोणाचा समारंभ लवकर आटोपावा लागला तर त्यांनी समजून घ्यावे. सतरंज्या आहेत, पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. स्त्रियांसाठी वेगळी खोली करायची तर मागचे कोठार मोकळे करावे लागेल. त्यात तीस वर्षांपासूनच्या नाताळच्या कमानी आणि मोडक्या खुर्च्या आहेत. युवकांनी एका रविवारी ते काम अंगावर घ्यावे. गव्हाणीचा देखावा उभारण्याआधी झाले तर उत्तम, कारण लाकूड तिथूनच निघेल.

घरातले किमती सामान सोडून कोणी येत नाही, हे ध्यानात घेऊन एक लोखंडी कपाट त्यासाठी वेगळे ठेवायचे ठरले आहे. कागदपत्रे, शिधापत्रिका, आधार कार्ड, मुलांचे दाखले, वीजबिल हे सर्व पिशवीत घालून पावती घेऊन ठेवता येईल. ते मेपासूनच ठेवले तरी चालेल.

लघुसमुदायांच्या प्रमुखांकडे आज मिस्सेनंतर कोरे तक्ते दिले जातील. टेकडीवरच्या आणि उताराखालच्या गल्ल्यांत दोघा-दोघांनी जायचे आहे, शक्यतो ज्यांची तिथे ओळख आहे त्यांनी. तक्त्यात चार रकाने आहेत. कुटुंबाचे नाव, घर कुठे, घरात चालू न शकणारे कोण, आणि रात्री कोणाला हाक मारायची. धर्माचा रकाना ठेवलेला नाही. कोणी विचारले तर पावसासाठी आहे एवढेच सांगावे. भरलेले तक्ते आगमनकाळाच्या चौथ्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावेत. हॉलच्या किल्ल्यांचे तीन जोड केले आहेत. एक आमच्याकडे, एक सॅक्रिस्तनकडे, आणि तिसरा टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, रात्री हाक मारली तर उठणाऱ्या एखाद्या घरात ठेवायचा आहे. ते घर कोणते, हे त्या भागातल्या लोकांनी आम्हाला सुचवावे.